हातापासून चाकापर्यंत

ज्या गाडीची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड पोलादी आसाच्या टोकांना जखडलेली असतात, आणि तो आस पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगांवर वरखाली होत असताना चाके वळवणारा स्टिअरिंग बॉक्स मात्र चासीवर निश्चल बसलेला असतो, त्या गाडीच्या दिशानियंत्रणाचा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. कारण या स्थिर आणि चंचल बिंदूंना जोडणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, प्रत्येक खड्ड्यागणिक वर्तुळाचा एक कंस रेखीत असतो, आणि आसाची वाट त्या कंसाशी जुळली नाही, तर चालकाने हात तसूभर न हलवताही चाके आपल्या मर्जीने वळतात. मिस्त्री याला बम्प स्टिअर म्हणतात.

अमेरिकेत १९७९ ते १९८५ या काळात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपमध्ये हा दांडा चासीच्या लांबीला समांतर धावून डाव्या चाकाच्या नकलला, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याला, पुढेमागे ढकलीत असे. कंपनीने ठरवलेल्या उंचीवर ही व्यवस्था निर्वेध चाले. परंतु खडकांवरून जाण्यासाठी हौशी लोकांनी गाडी चार-पाच इंच उचलली की दांडा तिरका होई आणि दर हिसक्याला गाडी बाजूला ओढली जाई. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. १९८६ पासूनच्या पिकअपला पुढे अखंड आस उरलाच नव्हता; पण तिचाच स्टिअरिंग बॉक्स काढून त्यांनी तो जुन्या गाडीच्या चासीवर बाहेरच्या अंगाने बसवला, आणि ड्रॅग लिंक आडवी, पलीकडच्या चाकापर्यंत नेली. पाट्यांवरचा आस मुख्यतः वरखाली होतो, आडवा फारसा सरकत नाही, आणि लांब दांड्याचा कंस तेवढ्या हालचालीत जवळजवळ सरळ रेषेसारखा राहतो, एवढे भूमितीचे ज्ञान त्यामागे होते. पुढे नकलच्या माथ्यावर नवे आर्म बसवून हे सारे दांडे पाट्यांच्याही वर, दगडांच्या तडाख्याबाहेर नेण्यात आले; मात्र त्या आर्मचे स्टड ढिले पडतात किंवा तुटतात, आणि त्यांची नित्य तपासणी ही या सोयीची अटळ किंमत आहे.

पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांचा, म्हणजे जिम्नीचा किंवा आपल्याकडे रांजणगावला जुळणी होणाऱ्या रँग्लरचा, हिशेब निराळा आहे. तेथे आसाला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड असतो, आणि ड्रॅग लिंक त्याला समांतर व शक्यतो तितक्याच लांबीची असावी लागते. गाडी उचलल्यावर स्टिअरिंग बॉक्सला केवळ खाली झुकलेला (ड्रॉप) पिटमन आर्म लावून ड्रॅग लिंक सपाट करणारा आणि पॅनहार्ड तसाच तिरका सोडणारा कारागीर रोग बरा करीत नाही, वाढवतो.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट मात्र अबाधित राहते: चालकाच्या हातापासून चाकापर्यंत पोलादाचा दुवा सलग असतो. पूर्ण हायड्रॉलिक पद्धतीत तो नाहीसा होतो. आसावरच सिलिंडर बसवलेला असतो, स्टिअरिंग फिरवले की झडपेतून मोजके तेल नळीवाटे तिकडे जाते, आणि ड्रॅग लिंकच नसल्यामुळे बम्प स्टिअर समूळ संपतो. कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीत, जेथे २००७ पासून किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत भरते, तेथील खडकांवर या पद्धतीच्या तोडीची व्यवस्था नाही. शेतातल्या कित्येक ट्रॅक्टरांतही हेच तत्त्व निर्धास्तपणे वापरले जाते, कारण त्यांचा वेग बेताचा असतो. परंतु नळी फुटली की हातात केवळ एक चक्र उरते, आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत ही शक्यता स्वीकारण्याचा हक्क कोणासही नाही, मग तो कितीही निष्णात असो.

आपला कायदा भरवशाचा सलग दुवा आणि तुटू शकणारा दुवा हा भेद ओळखत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. मोटार वाहन अधिनियमाचे ५२वे कलम नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि मूळ बनावट यांत तफावत पडेल असा फेरफार करण्यास मनाई करते. पण त्या दाखल्यात इंजिनाचा व चासीचा क्रमांक, रंग, आसनसंख्या यांची नोंद असते, ड्रॅग लिंकची नसते. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ९८वा नियम स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांहून अधिक नसावा, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट पक्के जखडलेले असावेत, असे फर्मावतो. हे योग्यच, तथापि पोलादी दुवा सलग असावा, असा शब्द त्या नियमात नाही. परिणामी भूमिती समजून आडवी लिंक बसवणारा आणि ड्रॅग लिंकला केव्हाही तुटू शकणारा वेल्डिंगचा जोड देऊन काम उरकणारा, असे दोघेही दप्तराच्या दृष्टीने सारखेच ठरतात. एकतर दोघेही निसटतात, नाहीतर दोघांवरही सरसकट हरकत येते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, आणि आपल्या जुन्या जीपांपैकी बहुतेक त्या वयाच्या पलीकडे गेल्या आहेत. त्या वेळी निरीक्षकाने पुढचे एक चाक ठोकळ्यावर चढवावे, दुसरे खाली लोंबू द्यावे, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे, आणि स्वतः गाडीखाली वाकून दांडा कोठे अडतो, जोड कोठे वेल्ड केला आहे आणि दुवा कोठे तुटला आहे, हे डोळ्यांनी पाहून तसा शेरा दाखल्यावर लिहावा.