आधी गणित, मग खरेदी



"बाबा, फोर-के मॉनिटरवर गेम अडकतोय. नवा कॉम्प्युटरच घेऊ या!" आमच्या घरातला हा हट्ट तुमच्याही ओळखीचा असेल. माझं मत असं, की आधी वही-पेन्सिल घ्यावी.

जुन्या पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. फोर-केवर ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर चौपट! सेकंदाला ६० चित्रं हवीत, तर जवळजवळ ५० कोटी ठिपके रंगवायचे. हे काम ग्राफिक्स कार्डाचं. ठिपके वाढले म्हणून प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही. मग सगळा डबा कशाला फेकायचा? गेमचं रेझोल्यूशन २५६० × १४४० केलं, तर ठिपके निम्म्याहूनही कमी होतात. हा उपाय फुकट! तेवढ्याने भागलं नाही, तर फक्त कार्ड बदला. पण ते डब्यात मावेल का, पॉवर सप्लायला झेपेल का, हे आधी पाहा.

आमच्या मुलीने हे गणित स्वतः केलं. मग आम्ही सिम लिम स्क्वेअरमधून एक कार्ड आणलं. वायर काढून, माझ्या देखत, स्क्रू तिनेच फिरवले.

आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डर बिघडला की घरी उघडला जाई. सिंगापुरात नवी वस्तू चटकन मिळते, म्हणून ती सवय सुटते. पालकहो, पैसे वाचतील ते वाचतील. पण मुलांच्या हाती स्क्रूड्रायव्हर जरूर द्या!