शेवटचा पोचला की सगळे पोचले



शर्यत म्हटली की एक जण पहिला आणि बाकीचे मागे, हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पण स्वित्झर्लंडमध्ये अशी एक शर्यत आहे की जिच्यात एकट्याने पहिले येताच येत नाही. तिचे नाव 'पात्रुय दे ग्लासिए', म्हणजे हिमनद्यांवरची गस्त. ती तिथले सैन्य भरवते आणि सैनिकांबरोबर सामान्य स्त्री-पुरुषही तिच्यात उतरतात.

आल्प्स पर्वतातल्या झरमॅट गावाहून रात्रीच्या अंधारात निघायचे आणि सुमारे ५७ किलोमीटरवरचे व्हर्बिए गाव गाठायचे. पायांना स्की, म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या लांब पट्ट्या. चढावर मागे घसरू नये म्हणून त्यांच्या तळाला केसाळ पट्टा लावतात. कडा फारच उभा आला की स्की पाठीवर घेऊन पायी चढायचे. वाटेतली सर्वांत उंच जागा ३६५० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दुपटीहूनही उंच! सर्वांत तरबेज संघ सहा तासांच्या आत पोचले आहेत. पुष्कळांना याच्या दुप्पट वेळ लागतो.

प्रत्येक संघ तिघांचा. तिघांनी बरोबरच चालायचे. वेळ मोजतात ती तिसरा पोचल्यावर. म्हणून एकाने पुढे धावून काही उपयोग नाही. अशा सांघिक शर्यतींत दमलेल्या साथीदाराला रबरी दोरीने स्वतःशी जोडून ओढत नेण्याची रीत आहे. ज्याच्या अंगात बळ जास्त, त्याच्यावर भार जास्त. त्यात कोणी उपकार मानत नाही की कोणाला कमीपणा वाटत नाही.

या शर्यतीने दुःखही पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली ती सुरू झाली. १९४९ साली एक अख्खा संघ हिमनदीच्या भेगेत पडला आणि तिघेही दगावले. शर्यत बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला १९८४ साल उजाडले. आज बर्फाखाली गाडले गेल्यास ठिकाण कळवणारे यंत्र आणि फावडे प्रत्येकाजवळ लागते. ठरलेल्या वेळेत ठाणे गाठले नाही तर पुढे सोडत नाहीत. हवा बिघडली तर शर्यतच रद्द होते. साथीदाराविषयी करुणा हवी, पण तिला प्रज्ञेची जोड नसेल तर एकाबरोबर तिघेही जातात.

बंधू-भगिनींनो, आपल्या घराघरांतही अशीच चढण चालू आहे. आईबापांनी हमाली करून, धुणीभांडी करून एका मुलाला शिकवले. त्याला नोकरी लागली, तो वस्तीबाहेर राहायला गेला. यात आनंदच आहे. पण धाकट्या बहिणीची फी थकली आहे, शेजारच्या पोराला अर्ज भरता येत नाही, याची खबर तो घेतो का? घेत नसेल तर त्याची शर्यत अजून संपलेली नाही. संघटित होणे म्हणजे नुसते सभेला जमणे नव्हे. आपला वेग मागच्याच्या दमाशी जुळवणे, हेही संघटनच आहे.

या रविवारी विहारातून घरी जाताना एवढेच पाहा, आपल्यातला तिसरा कुठे राहिला आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!