कला शाखेला हवा परतीचा तास

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांनी पदवीचा आराखडा बदलला आणि बी.ए.च्या वेळापत्रकात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजसंपर्क असे नवे शब्द आले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने नोट्स आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या पलीकडे जाऊन जग पाहावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. अडचण पुढे आहे. ३० तासांच्या कामाला एक श्रेयांक, चार श्रेयांकांना १२० तास, हा हिशेब मांडून झाल्यावर चर्चा त्या हिशेबातच अडकते. तास भरले का, आस्थापनेचा शिक्का मिळाला का, फाइल जमा झाली का, एवढेच विचारले जाते. विद्यार्थी किती वेळ बाहेर होता याची नोंद राहते. त्याने बाहेरून काय आणले आणि त्यामुळे वर्गात शिकवलेल्या सिद्धांताला बळकटी आली की तडा गेला, हे कोणी विचारत नाही. सिद्धांत आणि व्यवहार यांचा सांधा नुसत्या बाहेर जाण्याने जुळत नाही. हाती लागलेले घेऊन वर्गात परतल्यावर, पुस्तक पुन्हा उघडल्यावर तो जुळतो. कला शाखेच्या नव्या आराखड्यात याच परतीच्या तासाला जागा हवी.

ही कल्पना परकी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होते. शहराची योजना आखण्याआधी ते शहर पायी फिरून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठीय समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक माणूस आधी रस्त्यावर उतरणारा होता. त्याच सुमारास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर हे गाव शेत न् शेत मोजत होते. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत सात एकरांवर आल्याचे दिसले. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे झाले होते. ज्या प्रश्नावर पुढे १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला, तो प्रश्न असा एका गावाच्या बांधावर आकड्यांत उभा राहिला. मान यांनी गावाचे जुने कागद वाचले आणि शेतेही मोजली. यातले एकच केले असते, तर घसरण तरी कळली नसती किंवा तिची त्या वेळची अवस्था तरी.

व्यवहारातून सिद्धांत कसा जन्मतो, याचे उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या कामात आहे. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि देशभर फिरून नात्यांचे शब्द गोळा करत होत्या. कोण कोणाला काय म्हणतो, कोणाशी सोयरीक चालते आणि कोणाशी चालत नाही, असे साधे प्रश्न त्या विचारत. महाराष्ट्रात अनेक जातींत मामेबहिणीशी लग्न चालते, आतेबहिणीशी चालत नाही. ज्याला त्याला ठाऊक असलेली ही गोष्ट त्यांनी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीतींशेजारी ठेवली, तेव्हा महाराष्ट्र हा दोन नातेव्यवस्थांमधला दुवा आहे, हे स्पष्ट झाले. १९५३ च्या त्यांच्या आप्तसंबंधांवरील ग्रंथाची मांडणी या पायावर उभी आहे. नुसते शब्द जमवले असते तर ती यादी झाली असती, आणि नुसता ग्रंथ वाचला असता तर परक्या संकल्पनांची उजळणी. विद्या घडली ती या दोहोंमधल्या येरझारीत.

आजच्या वर्गात हे कसे दिसेल? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पूर्ण स्पर्धेचा बाजार शिकवतात. ग्राहक असंख्य, विक्रेते असंख्य, सर्वांना सारखी माहिती. हे शिकलेला विद्यार्थी चार सकाळी कांद्याच्या लिलावात उभा राहिला आणि प्रत्येक ट्रॉलीवर खरोखर किती व्यापारी बोली लावतात हे त्याने मोजले, तर सिद्धांताला पहिला प्रश्न पडेल. शेतकऱ्याने गाडीचे भाडे भरलेले असते, माल परत नेला तर तेच भाडे पुन्हा भरावे लागते, म्हणून न पटलेल्या भावालाही तो होकार देतो, हे लक्षात आले की दुसरा प्रश्न पडेल. आता खरे शिक्षण सुरू होते. वर्गात परतल्यावर प्राध्यापकांनी विचारायचे, की मग सिद्धांत खोटा की अपुरा? कोणते गृहीतक तुटले? ते तुटले की अर्थशास्त्र पुढे काय म्हणते? राज्यशास्त्राचेही असेच आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखून दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले, इतके पुस्तकात मिळते. ग्रामसभेत सरपंचबाई किती वेळ बोलतात, ठरावावरची चर्चा कोण पुढे नेतो, हे मात्र तिथे बसूनच कळते. ते मोजून आलेल्या विद्यार्थ्याला प्रतिनिधित्व आणि सत्ता यांतला फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप कला शाखेतल्याच जाणत्यांचा आहे. साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचे मोल उपयोगावर ठरत नाही, आज व्यवहार आणला की उद्या बाजार शिरेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती निराधार नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला १२० तास एखाद्या कार्यालयात नोंदी करायला बसवले, तर त्याच्या विषयाला त्यातून काहीच मिळत नाही. पण व्यवहार म्हणजे नोकरीच, हे समीकरण आपण का मान्य करावे? ज्याने त्याने आपल्या विषयातला व्यवहार शोधायचा असतो. तत्त्वज्ञानाला तो रुग्णाच्या संमतीच्या प्रश्नात सापडेल, मराठीला बोलीतल्या शब्दांच्या नोंदीत, इतिहासाला मोडीतल्या कागदात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करत होते, तेव्हा ते इतिहासाची प्रतिष्ठा कमी करत नव्हते, तिला आधार देत होते. मोडीचा एकही कागद न वाचता मराठ्यांच्या इतिहासात पदवी मिळू शकते, ही खरी चिंतेची बाब आहे.

दुसरा आक्षेप साधनांचा आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाला पुढच्या सत्राची शाश्वती नाही, वर्गात शंभर मुले आणि तालुक्यात एकही कंपनी नाही, मग हे करायचे कोणी आणि कुठे? यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. रिक्त पदे भरल्याशिवाय कोणतेही धोरण कागदाबाहेर येणार नाही, आणि त्याची जबाबदारी शासनाची आहे. दुसरा भाग मात्र तपासून पाहावा. कला शाखेला कंपनी लागतेच कशाला? राज्यात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. आठवडी बाजार, सार्वजनिक ग्रंथालय, बाजार समिती, तहसील कचेरी तालुक्याच्या गावी हाकेच्या अंतरावर असते. या बाबतीत ग्रामीण महाविद्यालय शहरी महाविद्यालयापेक्षा श्रीमंत आहे. शंभर मुलांचे शंभर प्रकल्प तपासणे अशक्य असेल, तर दहा-दहांच्या गटांनी एकाच प्रश्नाच्या दहा बाजू पाहाव्यात आणि वर्गात त्या एकत्र मांडाव्यात. त्याने शिक्षकाचा भार हलका होईल आणि चर्चाही भरीव होईल.

तिसरा आक्षेप फारसा कोणी बोलून दाखवत नाही, पण तो सर्वांत गंभीर आहे. दरवर्षी नवी मुले प्रश्नावली घेऊन त्याच वस्तीत जातात, लोक आपली कामे सोडून उत्तरे देतात, आणि पुढे काहीच कळत नाही. माणसांना असे साहित्यासारखे वापरणे गैर आहे. यावरचा उपायही परतण्यातच आहे. विद्यार्थ्याने आधी वर्गात परतावे आणि मग ज्यांनी उत्तरे दिली त्यांच्याकडे परतावे. निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावा, चुकले असेल तर लोक तिथल्या तिथे सांगतील. त्यासारखी परीक्षा दुसरी नाही.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे एक ठोस मागणी आहे. बाहेरच्या कामाला जितके तास, त्याच्या किमान एक चतुर्थांश तास परतल्यावरच्या वर्गचर्चेसाठी वेळापत्रकात राखून ठेवा. गुण हजेरीच्या शिक्क्याला देऊ नका. पुस्तकातले कोणते विधान प्रत्यक्षात टिकले, कोणते टिकले नाही आणि का, या एका प्रश्नाच्या उत्तराला द्या. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा अध्यादेशही लागत नाही. हा तास मिळाला नाही, तर फाइली वाढतील आणि कला शाखा होती तिथेच राहील.