ह्युमिडॉरला पाणी पाजण्याआधी

मृग तोंडावर आला की आपल्या व्यवसायात गच्चीची डागडुजी होते, जनरेटरची सर्व्हिसिंग होते, तळघरातल्या पंपाची चाचणी होते. लाउंजच्या कोपऱ्यातल्या सिगारच्या कपाटाकडे, म्हणजे ह्युमिडॉरकडे, मात्र कोणी फिरकत नाही. काच लखलखीत आहे, आत दिवा आहे, काटा सत्तरवर आहे, म्हणजे सगळे आलबेल. मग सप्टेंबरात एखादा पाहुणा आवडीची पेटी मागतो, झाकण उघडताच कुबट वास येतो, सिगारच्या टोकाला हिरवट लव दिसते आणि एवढा महाग माल वाया कसा गेला याची चौकशी लागते. चौकशीत हमखास मिळणारे उत्तर असते, ‘साहेब, पाणी तर वेळेवर भरत होतो.’

गोम नेमकी इथेच आहे. ह्युमिडॉर म्हणजे पाणी भरायचे यंत्र, ही समजूत आपण कपाटासोबत आलेल्या माहितीपत्रकातून उचलली. ती पत्रके थंड आणि कोरड्या हिवाळ्याच्या देशांसाठी लिहिलेली असतात. तिथे बाहेर शून्य अंश असताना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. तीच हवा घरात 21 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या घरात येते. अशा खोलीत सिगार आठवडाभरात कडकडीत होणार, म्हणून तिथल्या कपाटाला सतत पाणी लागते. मुंबईत जुलैमध्ये 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असते, तेव्हा प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम बाष्प असते. 18 अंशांची हवा साडेपंधरा ग्रॅमच्या पुढे बाष्प धरूच शकत नाही. म्हणजे आपल्या थंड कपाटात शिरणारी पावसाळी हवा आत पाणी सोडूनच थांबते. त्या दिवसांत आपले काम आर्द्रता घालायचे नाही, ती बाहेर रोखायचे आणि शिरलेली शोषून घ्यायचे आहे.

हा हिशेब कळला की आणखी एक भीती जाते. दोनशे लिटरच्या कपाटातल्या सगळ्या हवेत, 20 अंशांना आणि 68 टक्क्यांना, जेमतेम अडीच ग्रॅम पाणी असते, म्हणजे अर्धा चमचा. त्याच कपाटात चारशे सिगार असतील आणि एकेकाचे वजन सरासरी 12 ग्रॅम धरले, तर पानांत मुरलेले पाणी सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. खरा साठा पानांत आणि लाकडात आहे, हवेत नाही. त्यामुळे दार उघडल्यावर काटा दहा टक्क्यांनी घसरला म्हणून लगेच पाण्याची बाटली घेऊन धावण्यात अर्थ नाही. दार लावा, दोन तास थांबा, भरलेले कपाट आपणहून सावरते. उलट अर्धे रिकामे कपाट इतक्या लवकर सावरत नाही. मालाचा उठाव कमी झाला असेल तर मोठे कपाट बंद करून माल छोट्या पेटीत हलवणे शहाणपणाचे. आणि सावरण्याला मर्यादा आहेच. दाराची रबरी पट्टी सैल असेल, तर दिवसरात्र होणारी गळती पाने हळूहळू पीत राहतात. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला, तर आधी रबरी पट्टी बदलावी.

आता आकड्यांकडे येऊ. 70 टक्के आणि 70 अंश हा मंत्र फॅरनहाइट वापरणाऱ्यांचा आहे. ते 70 अंश म्हणजे आपले 21 सेल्सिअस. क्यूबन सिगारची विक्री करणारी हाबानोस ही कंपनी 16 ते 18 अंश आणि 65 ते 70 टक्के असा पल्ला सांगते. किनारपट्टीवरच्या आमच्या वाचकांना आमचा स्पष्ट सल्ला असा, की या पल्ल्याचे खालचे टोक धरावे, म्हणजे 65. कारण कोकणात, मुंबईत, गोव्यात चूक झाली तर ती वरच्या बाजूलाच होणार आहे. 65 चे 70 झाले तर काही बिघडत नाही, 70 चे 75 झाले तर बुरशीला आमंत्रण मिळते. शिवाय सादळलेला सिगार ओढायला जड जातो, एका अंगाने जळतो, मध्येच विझतो. पाहुणा कपाटाला दोष देत नाही, सिगार वाईट म्हणतो आणि पुन्हा मागवत नाही.

हा सगळा विचार ज्या यंत्रावर उभा आहे, ते बहुतेक ठिकाणी कधीच तपासलेले नसते. पितळी चकतीचे स्प्रिंगवाले आर्द्रतामापक शोभेला बरे, भरवशाला नाहीत. डिजिटल घ्यावे, पण तेही दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. तपासणीला खर्च शून्य आहे. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब सोडत ओल्या रेतीसारखे होऊ द्या. मीठ विरघळून पातळ झाले तर प्रयोग फसला, न विरघळलेले मीठ दिसत राहिले पाहिजे. हे बूच आणि मापक घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात रात्रभर शेजारी ठेवा आणि सकाळी डबा न उघडता आकडा वाचा. अशा डब्यातली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते आणि आपल्या खोल्यांच्या तापमानात त्यात फारसा फरक पडत नाही. मापक 71 दाखवत असेल तर ते चार टक्के कमी सांगते. ‘अधिक 4’ अशी चिठ्ठी त्याच्या पाठीला चिकटवा, खाली तारीख घाला, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

नवी पेटी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. आतले स्पॅनिश सीडर हे लाकूड उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले, महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. ते ओलावा सावकाश घेते आणि सावकाश सोडते, हाच त्याचा गुण. त्याच कुळातल्या तूणच्या लाकडाच्या सिगारपेट्या आपल्या देशात पूर्वीपासून होत आल्या आहेत, त्यामुळे स्थानिक सुताराकडून कपाट करून घेण्यात काही गैर नाही. मात्र त्याला बजावून सांगावे लागते, की आतून पॉलिश नको, लॅमिनेट नको, प्लायवूड उघडे नको. बाहेरून हवे तेवढे चमकव. आत मेलामाइनचा एक हात मारला, की लाकडाचा श्वास बंद होतो आणि मेलामाइनचा वास महिनोन्‌महिने पानांत उतरत राहतो. कोरडी पेटी तयार करताना ओल्या फडक्याने पुसायची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्याने फळी फुगते, सांधे सुटतात. 84 टक्के आर्द्रता राखणारी पाकिटे आत ठेवून पेटी दोन आठवडे बंद ठेवली, की लाकूड आपल्या गतीने ओलावा घेते. तोवर आत एकही सिगार नको. भर पावसाळ्यात पेटी आली, तर आधी आतला आकडा बघावा, कदाचित तिला पाजायची गरजच नसते.

आर्द्रता राखायची साधने बाजारात पुष्कळ आहेत. स्पंज किंवा फुलांच्या सजावटीतला हिरवा फोम पाण्याने भिजवून ठेवणे सर्वांत स्वस्त, पण त्याला थांबायचे कधी ते कळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकोल आणि ऊर्ध्वपातित पाणी समप्रमाणात घातले तर तो सत्तरच्या आसपास थांबतो आणि बुरशीलाही अटकाव होतो. त्यानंतर वरून भरताना मात्र नुसते ऊर्ध्वपातित पाणीच घालायचे असते, कारण ग्लायकोल उडत नाही, साचत जाते. नळाचे पाणी तर नकोच, त्यातले क्षार फोम बुजवतात. आमच्या हवेला सर्वांत मानवतात ती बोवेडासारखी दुहेरी पाकिटे. आत क्षाराचे संपृक्त द्रावण असते, हवा कोरडी असली तर ते पाणी सोडते, दमट असली तर ओढून घेते. छोट्या पेटीत दर पंचवीस सिगारांच्या जागेला 60 ग्रॅमचे एक पाकीट हा साधा हिशेब. पाकीट बोटांनी दाबून बघायची सवय बारच्या मुलांना लावा. कडक झाले तर ते सुकले. टम्म फुगून आत पातळ पाणी खळखळू लागले, तर ते ओढून ओढून भरले आहे, त्याच्याने आता काम होणार नाही, आणि दाराच्या पट्टीची तपासणीही करायला हवी. स्टोअरमधली निळ्या दाण्यांची सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात आत टाकणे हा मात्र उपायच नव्हे. तिला 65 वर थांबायचे ठाऊक नसते, माल वाळेपर्यंत ती ओढत राहते.

आर्द्रतेइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, तापमान महत्त्वाचे. तंबाखूचा किडा, लासिओडर्मा सेरिकॉर्न, दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. त्याची अंडी पानातच आलेली असू शकतात. 18 अंशांखाली ती निपचित राहतात, 24-25 च्या पुढे त्यांना जाग येते आणि अळ्या आतून पान पोखरत निघतात. रॅपरवर, म्हणजे बाहेर गुंडाळलेल्या पानावर, टाचणीने टोचल्यासारखे भोक आणि खाली बारीक पूड दिसली, की समजावे. हाच किडा हळकुंडे, सुकी मिरची आणि सुंठ यांनाही लागतो. तेव्हा सिगारची राखीव खोकी मसाल्याच्या स्टोअरमध्ये ठेवणे म्हणजे किडीला दोन्हीकडे घर देणे. लागण झालेला माल दुहेरी पिशवीत हवाबंद करून उणे 18 ते 20 अंशांत आठवडाभर ठेवावा, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग खोलीत. पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड रॅपरवर दव धरते आणि ते फाटते.

इथे आपल्या व्यवसायाचा खास दोष सांगितला पाहिजे. लाउंज बंद झाले, की रात्री मुख्य स्विच खाली जातो. त्याच ओळीवर असलेले कपाटही बंद पडते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आतले तापमान बाहेरच्या 29 अंशांशी जुळते, मग एसी सुरू, पुन्हा 20. असे रोज. लाकूड आणि पान रोज फुगतात, रोज आकसतात, शेवटी रॅपर उलते. कपाटाचा प्लग वेगळ्या, कधीही बंद न होणाऱ्या ओळीवर घ्यावा, तीच ओळ जनरेटरला जोडावी. इलेक्ट्रिक कपाट थंड करताना आतल्या पत्र्यावर पाणी धरते. ते पाणी ट्रेमधून रोज काढले नाही, तर पुन्हा हवेत मिसळते आणि काटा वर चढतो.

महाराष्ट्र-गोव्यात मिळून आपले तीन देश आहेत, म्हणून एकच वेळापत्रक सगळ्यांना लागू करता येत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्याचे भांडे बाहेर काढून फक्त दुहेरी पाकिटांवर यावे, ते दसऱ्यापर्यंत. महाबळेश्वर-लोणावळ्याला पावसाळ्यात हवा गारही आणि संपृक्तही असते, तिथे बुरशीला सगळे अनुकूल, म्हणून दर आठवड्याला पेट्या उघडून टोके बघावीत. नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगर इथे मार्च ते मे एसीच्या खोलीत आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली जाते. तिथे ती परदेशी माहितीपत्रके खरी ठरतात आणि पाणी घालावेच लागते. मात्र कडक झालेला माल एकदम ओला करू नये. आतला तंबाखू, म्हणजे फिलर, फुगतो आणि पातळ रॅपर तडकते. 62 वरून 65, 65 वरून 69, असे दोन-तीन आठवडे लावून वर आणावे.

पांढरट थर दिसला की ग्राहकाला ‘हा तर मुरल्याचा बहर’ असे सांगायची फॅशन आहे, ती बंद व्हावी. लव उभी असेल, डाग निळा-हिरवा असेल, फूटमध्ये, म्हणजे पेटवायच्या टोकात, शिरलेला असेल, तर ती बुरशी आहे आणि तो सिगार कचऱ्यातच गेला पाहिजे. तंबाखू आरोग्याला घातक आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ओढणाऱ्यालाही. त्यात वर बुरशी देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा. 2003 चा तंबाखूविषयक कायदा आणि 2008 चे नियम धूम्रपानाच्या जागेबद्दल स्पष्ट आहेत: तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे रेस्तराँ, वेगळी बंदिस्त जागा, आणि त्या जागेत दुसरी कोणतीही सेवा नाही. ज्यांना हे पाळणे जमणार नाही, त्यांनी कपाटच ठेवू नये.

ज्यांनी ठेवले आहे, त्यांनी या महिन्यात एक काम करावे. कपाटाची जबाबदारी ‘बारची’ असे न म्हणता एका माणसाच्या नावावर करावी, त्याच्या सुट्टीच्या दिवसासाठी दुसरे नाव ठरवावे. शिफ्ट सुरू होताना एक आणि संपताना एक, अशी तापमानाची आणि आर्द्रतेची नोंद वहीत व्हावी, शेजारी खोलीतला आकडाही असावा. चार महिन्यांत ही वही तुम्हाला सांगेल, की तुमचे कपाट कधी तहानलेले असते आणि कधी तुडुंब. कपाट विकणाऱ्यालाही ती वही दाखवा आणि आपल्या पावसाळ्यासाठी वेगळ्या सूचना लेखी मागा. गिऱ्हाईक म्हणून आपण हे कधी मागितलेच नाही, म्हणून त्यांनी कधी दिले नाही.