वीणेची तार आणि भाच्याची गिटार



गेल्या महिन्यात आम्ही अमरावतीहून अकोल्याला थोरल्या ताईकडे गेलो होतो. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच ताईने आम्हाला स्वयंपाकघरात बोलावले आणि दबल्या आवाजात म्हणाली, "भाऊ, आता तूच समजाव पोराले. दिवसभर कानात ते बोंडं घालून स्लॅबवर बसते. धड जेवत नाई, बोलत नाई. ते इंग्रजी आरडाओरडीचे गाणे आयकून आयकून मन उडालं त्याचं."

भाऊजींचा राग वेगळाच होता. तीस वर्षे त्यांनी दालमिलमध्ये पोती वाहिली, त्या पाठीवर हे घर उभे राहिले. ते म्हणाले, "ज्या घरात वामनदादाच्या, प्रल्हाद शिंदेच्या कॅसेटी वाजल्या, त्या घरात हे गोऱ्याईचं गाणं! कायले पाहिजे आपल्याले?"

भाचा सव्वीस वर्षांचा. बी.ए. झालेला, गुणी पोरगा. स्पर्धा परीक्षेत तीन वेळा थोडक्या गुणांनी मागे राहिला. तिसऱ्या निकालापासून तो असा झाला, हे ताईने शेवटी, जाता जाता सांगितले. खरे तर तेच आधी सांगायला हवे होते.

आम्ही मामेपणाच्या तोऱ्यात वर गेलो. बाबासाहेब किती तास अभ्यास करीत, कोणत्या हालात शिकले, आणि तुला घरी दोन वेळा आयते मिळते, हे भाषण मनात तयार होते. ते आम्ही केलेही. पोराने खाली मान घालून सगळे ऐकून घेतले. मग कानातली एक वायर आमच्या हाती देत म्हणाला, "मामाजी, तुमी एक डाव आयका तर."

आम्ही ऐकले. शब्द कळले नाहीत. पण एक गिटार आणि एक भारी, खरबरीत आवाज. धुऱ्यावर उभे राहून कोणी दूरच्या माणसाला हाक मारावी, तसा. आरडाओरड मुळीच नव्हती. पोरगा म्हणाला, "हे गोऱ्याईचं नाई मामाजी. हे कापूस वेचनाऱ्याईचं हाय."

पुढे त्याने जे सांगितले ते आम्ही घरी येऊन पडताळून पाहिले. आपल्या वऱ्हाडच्या कापसाला 1861 ते 1865 या काळात एकाएकी भाव आला, हे आपण शाळेत वाचले आहे. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, म्हणून तो भाव. अकोला, बडनेरा करीत रेल्वे 1867 साली नागपूरला पोहोचली ती याच कापसाच्या ओढीने. पण तो अमेरिकेचा कापूस वेचत कोण होते? आफ्रिकेतून बांधून आणलेल्या काळ्या माणसांची लेकरे. गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने गेली, जमीन मात्र मालकाचीच राहिली. मिसिसिपीच्या काठी ही माणसे बटईने वावर करीत, उधारीत बुडत, आणि गात. त्या गाण्याला ते ब्ल्यूज म्हणतात. निळा रंग त्यांच्याकडे उदासीचा. आपल्याकडे तो ताठ मानेचा, ही गंमत पाहा.

अशाच एका मळ्यावर मडी वॉटर्स नावाचा गायक वाढला. 1943 साली तो पोट भरायला शिकागोला गेला. दिवसा मजुरी, रात्री दारूच्या अड्ड्यांत गाणे. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना म्हणून त्याने विजेवर चालणारी घेतली. त्याच्या 1950 सालच्या एका गाण्यावरून लंडनच्या पोरांनी 1962 मध्ये आपल्या चमूचे नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवले. ज्याला जग रॉक म्हणते, त्याची मुळी अशी पराटीच्या बुडाशी निघते. पुढे नाव आणि पैसा बराचसा गोऱ्या पोरांनी नेला. आपल्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही.

1943 हे साल ऐकून आम्ही थबकलो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्याच्या देशवंडीचा एक तरुण याच काळात मुंबईत मजुरी करीत होता. कोणीतरी त्याला पत्र वाचून दाखव म्हटले. त्याला अक्षर येत नव्हते, आणि त्या शरमेने तो रडला. मग मोठेपणी मुळाक्षरे गिरवली, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत शिकला. त्याने पहिले गाणे लिहिले ते 1943 साली. ते आपले वामनदादा कर्डक. त्यांचा पहिला संसार मोडला, लहानगी लेक गेली. हा माणूस दुःखाने वाया गेला असता तरी कोणी बोट दाखवले नसते. ते 2004 साली गेले तोवर गावोगाव गात राहिले, आणि आपल्या आयाबाया त्यांची गाणी निंदता निंदता गुणगुणत राहिल्या.

एक शिकागोला, एक मुंबईला. दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक असल्याचे आम्ही कुठे वाचले नाही. पण 1972 मध्ये आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरूनच ना? मग त्याच लोकांचे गाणे पोराच्या कानात आले तर बापजाद्यांचे नाव कसे बुडते? हे आम्ही खाली येऊन भाऊजींना विचारले. ते काही बोलले नाहीत, सुपारी कातरत राहिले.

पण गाण्याची गोष्ट इथे संपली असती तर आम्ही हा मजकूर लिहिला नसता. आम्ही जिना उतरणार इतक्यात मागून पोरगा म्हणाला, "मामाजी, रात्री झोप येत नाई. सगळ्याईवर ओझं झालो असं वाटते."

वाचकहो, आमच्या पायांतले बळ गेले. आमच्या अमरावती-अकोल्याच्या गावांतून कर्जाने खचलेल्या किती शेतकऱ्यांच्या तिरड्या निघाल्या, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. त्यांतल्या किती जणांनी आधी असेच काही म्हटले असेल, आणि आमच्यासारख्या एखाद्या मामाने त्यांना अभ्यासावर, कष्टावर भाषण दिले असेल?

आम्हाला विलास घोगरे आठवले. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांचा आवाज आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी घोगरेंनी आपले जीवन संपवले. हजारोंचे दुःख ज्याने गाऊन दाखवले, तो त्या चार दिवसांत एकटा पडला. गाणे मोठे असते, पण गाणाऱ्याला घरदार, सोबती लागतातच.

आमच्यात एक समज आहे की आंबेडकरवाद्याने रडू नये. रडणे म्हणजे हरणे. पण बाबासाहेबांचा राजरत्न 1926 साली गेला तेव्हा त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिले, आणि त्यात आपला शोक लपवला नाही. मित्राला सांगितला. महाडच्या सत्याग्रहाआधी जेमतेम सात-आठ महिन्यांची ही गोष्ट आहे. त्या शोकाने त्यांची लढाई थांबली का?

त्या रात्री आम्ही स्लॅबवरच अंथरूण टाकले. पोराकडे मित्राची जुनी गिटार होती, तिच्याशी तो चाळा करीत होता. एक तार फार ताणली आणि ती तटकन तुटली. तेव्हा आम्हाला अंगुत्तर निकायातला सोण आठवला. सोण हा श्रीमंताचा लाडका पोरगा. भिक्खू झाल्यावर त्याने इतकी कठोर साधना केली की चालून चालून तळपायांतून रक्त आले. तरी हाती काही लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला आळशी म्हटले नाही आणि अजून कष्ट कर असेही म्हटले नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून त्यांनी वीणेचेच विचारले: तार फार ताणली तर सूर नीट निघतो का? फार सैल सोडली तर निघतो का? विहारात आम्ही ही गोष्ट कितीदा ऐकली, पण तथागतांनी आधी त्याच्या आवडीची वस्तू हातात घेतली, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आम्ही पोराला गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "माही तर तुटलीच मामाजी." आम्ही म्हटले, तार बाजारात मिळते. त्यावर तो किंचित हसला. बहुतेक आमचे मन राखायला.

सकाळी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ताई आधी घाबरली, लोक येडा म्हणतील म्हणाली. आम्ही म्हटले, साखर वाढली तर डॉक्टर चालतो, मग झोप गेली तर का नाही? ज्यांना दवाखाना दूर पडतो त्यांनी 14416 हा नंबर लिहून ठेवावा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा 2022 साली सुरू झाली. रात्री-बेरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आपल्या विहाराच्या फळ्यावर हा नंबर लिहायला खडूच तेवढा लागतो.

आणि एक राहिले. चौदा एप्रिलला आमच्या इर्विन चौकात डीजेच्या भिंती लागतात. छाती हादरते, खिडक्यांची तावदाने हादरतात, पण वामनदादांचा एक शब्द कानी पडत नाही. भाच्याच्या कानातल्या त्या वायरीवर आम्ही जितके नीट ऐकले, तितके त्या मिरवणुकीत कित्येक वर्षांत ऐकले नाही. रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावे.

परवा ताईचा फोन आला. गोळ्या सुरू आहेत. झोप कधी येते, कधी येत नाही. चौथ्यांदा फॉर्म भरायचा की नाही हे पोराने ठरवलेले नाही, आणि घरात कोणी विचारतही नाही. भाऊजींनी माळ्यावरून जुना टेप काढला. पट्टा सैल झालेला, कॅसेटची फीत आत गुंतलेली. बापलेक पेन्सिल घालून ती गुंडाळत स्लॅबवर बसले होते. मग पोराने ती चाल गिटारवर शोधायला घेतली. फोनमधून मागे भाऊजींचा आवाज येत होता, "चुकलं बे, वरून घे. पुन्ना वाजव."