पोलंड हरला तो घोड्यांमुळे?

पोलंडचे नाव निघाले की एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर धावून गेलेले ते लोक!’ ऐकणारे हसतात. मित्रहो, मला या हसण्याचा राग येतो.

१ सप्टेंबर १९३९ रोजी क्रोयांती गावाजवळ पोलिश घोडदळाने हल्ला चढवला हे खरे. पण तो जर्मन पायदळावर, तलवारी उपसून. पायदळ पांगलेही. मग चिलखती गाड्या आल्या आणि त्यांच्या माऱ्यात घोडेस्वार पडले. नंतर वार्ताहरांना ती जागा दाखवण्यात आली, तेथे ही दंतकथा जन्मली आणि जर्मन प्रचाराने ती जगभर नेली. त्याच दिवशी मोक्रा येथे घोडदळाच्याच एका ब्रिगेडने, घोड्यांवरून उतरून, रणगाडाविरोधी तोफांनी एक अख्खी जर्मन रणगाडा डिव्हिजन दिवसभर रोखून धरली. ते कोणी सांगत नाही! पीक बुडाले की शेतकऱ्याला अक्कल शिकवायला सारा गाव जमतो. पेरणीला त्याने बैल मागितला तेव्हा कोण आले होते, हे कोणी विचारत नाही. त्यातलीच ही गत.

पोलंडने २९ ऑगस्टला राखीव सैनिकांना बोलावण्याचा सार्वत्रिक हुकूम काढला. हिटलरला निमित्त मिळेल म्हणून ब्रिटन आणि फ्रान्सने तो मागे घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काढावा लागला. कित्येक सैनिक आपल्या पलटणीपर्यंत पोचण्याआधीच बॉम्ब पडू लागले. ३ सप्टेंबरला या दोन्ही मित्रांनी युद्ध पुकारले खरे, पण पश्चिमेकडून मोठी चढाई झालीच नाही.

सेनापती रिड्झ-श्मिग्ली यांचीही चूक होतीच. नदीमागे एकवटण्याऐवजी त्यांनी सैन्य लांबलचक सरहद्दीवर पातळ पसरले. पण कोळसा, कारखाने असलेला मुलूख न लढता सोडून द्यायचा कसा, याचे उत्तर टीकाकारांनी द्यावे. शिवाय १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. वेढलेली वॉर्सा तरीही २८ तारखेपर्यंत झुंजली. आणि ज्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक लिपी पोलिश गणितज्ञांनी फोडली होती, त्याचे रहस्य त्यांनी जुलैमध्येच ब्रिटिश-फ्रेंचांच्या हाती दिले होते. याला बेसावधपणा म्हणायचे?

सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या पोलिशांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका-मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांच्या तोंडावर हा भाल्यांचा विनोद सांगायला कोणाची जीभ रेटली असती, असे मला वाटत नाही.