दिवा लुकलुकण्यापूर्वींचें काम

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड हल्लीं पुष्कळ मुलांच्या हातीं येतो. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनतर्फें देशांत १०,००० शाळांतून टिंकरिंग लॅब निघाल्या आहेत. कांहीं पालक वाढदिवसास हौसेनें तोच आणून देतात. परंतु आम्हीं पुष्कळदां असें पाहिलें आहे कीं, आठवड्याभरांत तो बोर्ड पुनः डब्यांत जातो व मुलगा म्हणतो, "मला हें जमत नाहीं." आमच्या मतें ह्यांतील बहुतेक मुलें प्रोग्राम लिहिण्यांत हरलेलीं नसतात, तेथवर तीं पोंचलेलींच नसतात. तीं अडतात तीं त्याच्या अलीकडे, संगणक व बोर्ड ह्यांचा परस्परांशीं संबंध जुळवून देण्याच्या कामांत. हें काम शिक्षकांनीं किंवा वडील भावानें आधींच उरकून ठेवावयाचें आणि मुलानें मागाहून 'खरा' धडा घ्यावयाचा, अशी जी रीत आम्हां शिक्षकांनींच पाडली आहे, तिजविरुद्ध आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

आर्डुइनो हा बोर्ड इटलींतील इव्रेआ गांवीं २००५ सालीं जन्मास आला. विद्युत्शास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांसहि वापरतां यावा म्हणून मासिमो बान्झी व त्यांचे सहकारी ह्यांनीं तो केला. त्याच्या युनो ह्या प्रकारांतील चिपला प्रोग्राम ठेवावयास अवघी ३२ किलोबाइट जागा. पडदा नाहीं, कळफलक नाहीं. म्हणून लिहावयाचें संगणकावर आणि चालवावयाचें बोर्डावर. आपण लिहिलेल्या ओळींचें कंपायलर चिपच्या भाषेंत रूपांतर करतो. तें यूएसबी केबलमधून, आपण निवडलेल्या पोर्टाच्या वाटेनें, बोर्डाकडे जातें. आणि चिपमध्यें आधींच बसविलेला बूटलोडर नांवाचा चिमुकला प्रोग्राम तें स्वीकारून स्मृतींत लिहून ठेवतो. ह्या सांखळींतील एक कडी निसटली कीं दिवा लुकलुकत नाहीं. आणि संगणक तांबड्या अक्षरांत जें कांहीं सांगतो, त्यावरून कोणती कडी निसटली हें नवख्यास उमगत नाहीं.

आमचीच गोष्ट सांगतों. पहिल्या वेळीं सॉफ्टवेअर काढून पुनः घालण्यांत आमच्या दोन संध्याकाळ गेल्या. पोर्टांच्या यादींत बोर्ड दिसेचना. शेवटीं केबल बदलली, आणि तत्क्षणीं तो दिसूं लागला! जुनी केबल मोबाइल चार्ज करण्यापुरतीच होती. तिच्यांत विजेच्या तारा होत्या, निरोपाच्या नव्हत्या. बोर्डावरचा हिरवा दिवा मात्र खुशाल जळत होता, मग केबलचा संशय यावा कसा? पुढें एका मुलाच्या स्वस्त बोर्डाची तीच गत झाली. तेथें केबल चांगली होती. परंतु त्या बोर्डावर यूएसबीसाठीं सीएच३४० ही निराळी चिप असल्यामुळें त्याच्या जुन्या विंडोजला तिचा ड्रायव्हर हवा होता. उबंटू लिनक्सवर तर बोर्ड दिसत असूनहि परवानगी नाकारली जाते. तेथें वापरणाराचें नांव 'डायलआउट' नांवाच्या गटांत घालावें लागतें. दुखणीं तीन, पण नवख्यास तिन्हींचें लक्षण एकच दिसतें: प्रोग्राम चढत नाहीं. तीं वेगळीं काढावयाचीं तर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व काय झालें तें वहींत टिपावें. रसायनाच्या प्रयोगशाळेंत आम्ही मुलांस जें शिकवूं पाहतों, तें ह्याहून निराळें काय आहे?

कोणी म्हणेल, ही उठाठेव हवी कशास? ब्रिटनमध्यें २०१६ सालीं शाळकरी मुलांस वाटलेला बीबीसीचा मायक्रोबिट ब्राउझरमध्यें ठोकळे जुळवून चालवितां येतो. रास्पबेरी पाय पिको हा २०२१ सालचा बोर्ड त्यावरील कळ दाबून जोडला म्हणजे पेनड्राइव्हप्रमाणें उघडतो व फाइल त्यावर नुसती टाकावयाची असते. पांचवी-सहावींतील मुलांस हें उत्तम. त्यांची हौस ड्रायव्हरच्या शोधांत मारूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु नववींतल्या मुलास सर्व सिद्ध करून दिलेला संगणक मिळाला, आणि सुटींत घरीं दुसऱ्या संगणकावर काम करण्याची वेळ आली, तर तो पहिल्याच पायरीवर बसतो. दोष असतो केबलचा. तो मात्र स्वतःच्या बुद्धीस बोल लावतो. हेंच आम्हांस बोंचतें.

ह्यासाठीं शाळेनें निदान एक संगणक असा ठेवावा कीं ज्यावर मुलांस स्वतः सॉफ्टवेअर घालतां व बिघडवितां येईल. पुष्कळ शाळांतून त्याचा पासवर्ड कुलुपाच्या किल्लीसारखा जपला जातो. मग मुलानें शिकावें कोठें? दुसरी अडचण इंटरनेटची. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची २०२२ सालीं आलेली दुसरी आवृत्ति पहिल्यानें उघडतांच आणखी सामान मागवूं लागते, आणि ईएसपी३२ सारख्या बोर्डाचें सामान तर शेंकडों मेगाबाइट भरतें. मोबाइलच्या डेटावर तें मध्येंच तुटतें. १.८ ह्या जुन्या आवृत्तींत युनोपुरतें सर्व आंतच असल्यामुळें ती पेनड्राइव्हवरून घरीं नेतां येते. शाळेनें तशा चार पेनड्राइव्ह भरून ठेवाव्या.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलगा अडला म्हणजे लगेच कोणा जाणत्यास बोलावूं नये. जवळ बसून "आतां काय बदललेंस?" एवढें विचारावें. आणि केबल घेतांना ती डेटा नेणारी आहे ना, हें दुकानदारास अवश्य विचारावें; नाहीं तर आमच्यासारख्या दोन संध्याकाळ जातील.